हातचा मणी

आमचे आजोळ कर्जतचे. घर रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. मागे परसात पारिजातक आणि पुढे ओटी. पहाटे चार वाजता आजी त्या ओटीवर पाट टाकून जपास बसे. आता स्थानकाजवळचे घर म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने कर्जतलाच जोडली जात. त्यांच्या शिट्ट्या, डब्यांना बसणारे धक्के, फलाटावरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या, हे सारे त्या अंधारातून थेट ओटीवर येऊन आदळे. त्यातच घरातली पोरे उठत, दूधवाला येई, कोणी पाणी मागे. आजीचा जप चालूच असे. दूध उतू जाण्याचा वास आला की तिचा अंगठा मण्यावर थांबे, 'अगं, दूध बघ' एवढे शब्द तोंडातून बाहेर पडत, आणि अंगठा पुन्हा चालू लागे.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. ध्रुवाची गोष्ट नुकतीच ऐकली होती. घोर अरण्यात, एका पायावर उभा राहून, कशानेही न ढळणारा तो बाळ डोळ्यांपुढे होता. त्याच्याशी ताडून पाहता आजीचा जप मला अगदीच कच्चा वाटे. एके दिवशी धीर करून विचारले, "आजी, दुधापायी तुझा जप मोडला ना?" ती म्हणाली, "मोडला कुठे? मणी हातातच आहे की."

हे उत्तर मी त्या वेळी पळवाट म्हणून सोडून दिले. त्याची आठवण होण्यास पन्नासहून अधिक वर्षे जावी लागली. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. दिवस झाल्यावर घरात जी शांतता पसरली तिचे काय करावे ते कळेना, म्हणून तिचीच जपमाळ घेऊन पहाटे बसू लागलो. वाटले होते, मन निवेल. झाले उलटेच. पहिल्या माळेस गुडघे बोलू लागत, दुसरीस पायाला मुंग्या येत, आणि तिसरीस, पाय विसरलाच तर, रुग्णालयातली ती शेवटची संध्याकाळ येऊन पुढ्यात बसे. त्या संध्याकाळी मी तासाभरासाठी घरी जेवायला आलो होतो. परत गेलो तेव्हा उशीर झाला होता. नाम तोंडात असे आणि मनात तो तास असे. महिनाभराने माळ खुंटीला टांगली आणि स्वतःशी म्हटले, हे आपले काम नव्हे. याला पूर्वीच्या लोकांसारखा निवांतपणा हवा आणि त्यांच्यासारखे मन हवे.

जन्मभर शाळेत इतिहास शिकविला असल्यामुळे एक खोड जडली आहे. 'पूर्वीच्या लोकांना' असे शब्द कोणी उच्चारले की मी पुरावा मागतो. या वेळी तो स्वतःकडेच मागावा लागला. पूर्वीच्या लोकांना खरोखरच निवांतपणा मिळत होता काय? मौज अशी की या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हिमालयात जावे लागले नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या हद्दीतच ते बरेचसे सापडले.

*

कर्जतहून कोंदिवड्याच्या बाजूस गेले म्हणजे राजमाचीच्या पायथ्याशी, दाट रानात, कोंडाण्याची लेणी लागतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली ही बौद्ध लेणी. मोठ्या कमानीचा चैत्य आहे आणि शेजारी विहार आहे. विहारात मधल्या दालनाच्या तिन्ही बाजूंना सहा-सहा अशा अठरा खोल्या कोरल्या आहेत आणि खोल्यांतून भिक्षूंना निजण्यासाठी दगडी ओटे आहेत. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाणी थेट लेण्यांच्या तोंडावर कोसळते. पाहणाऱ्यास वाटते, ध्यानासाठी याहून एकांताची जागा ती कोणती असणार!

परंतु आज जे रान दिसते ते त्या काळचा राजरस्ता होता. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल उल्हास नदीच्या खोऱ्यातून वर सरके आणि बोरघाटाच्या वाटांनी देशावर जाई. त्याच वाटेवर घाटमाथ्यापलीकडे कार्ले, भाजे आणि बेडसे येथली लेणी आहेत. कोंडाणे हा घाट चढण्यापूर्वीचा मुक्काम. बैलांच्या घंटा, हमालांच्या हाका, व्यापाऱ्यांच्या तांड्यांचे कोलाहल हे सारे त्या अठरा खोल्यांच्या दारांवरून जात असणार.

आता ध्यानशास्त्रातला एक ग्रंथ याविषयी काय म्हणतो ते पाहावे. बुद्धघोष नावाच्या आचार्याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ लिहिला. तो कोंडाण्यानंतर पाचशे वर्षांचा खरा, पण त्याच्याही आधीच्या जुन्या भाष्यांच्या आधारे रचलेला. ध्यानास कोणता विहार निरुपयोगी, हे सांगताना बुद्धघोषाने अठरा दोष मोजले आहेत. विहार फार मोठा नसावा, कारण माणसे फार आणि कामे फार. अगदी नवा नसावा, कारण बांधकाम चालू. मोडका नसावा, कारण डागडुजी. जवळ तळे नसावे, कारण पाण्याला लोक येतात. भाजीचा पाला, फुले, फळे नसावीत, कारण ती खुडणारे गात-बोलत येतात. शेताजवळ, गावाजवळ, बंदराजवळ नसावा. आणि या यादीत रस्त्याकाठचा विहार हाही एक स्पष्ट दोष म्हणून नोंदला आहे. कारण मोठे हृद्य दिले आहे: रात्री-अपरात्री पाहुणे येतात, त्यांना आपली खोली द्यावी लागते आणि आपण झाडाखाली किंवा खडकावर जाऊन निजावे लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

म्हणजे या कसोटीला लावले तर कोंडाणे पहिल्याच फेरीत बाद. आणि एकटे कोंडाणेच कशाला? सह्याद्रीतली बहुतेक प्राचीन लेणी बाद व्हावयाची, कारण ती व्यापारी वाटांच्याच कडेने आहेत. भिक्षू भिक्षेवर जगणारा. दान देणारे जेथून जातात तेथेच त्याला राहावे लागणार. शांततेसाठी दूर गेला तर उपाशी, आणि अन्नासाठी जवळ आला तर गोंगाट. पहाटेच्या जपात दुधावर लक्ष ठेवणाऱ्या माझ्या आजीची अडचण याहून निराळी ती काय होती?

येथे एका गोष्टीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. 'विसुद्धिमग्गा'चा अभ्यास करून त्याची संशोधित आवृत्ती सिद्ध करणारे विद्वान होते आपले धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा माणूस ज्ञानाच्या ओढीने घर सोडून निघाला. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा फिरला, भिक्षू झाला, आणि पुढे १९१० ते १९३२ या काळात चार वेळा अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात याच ग्रंथाच्या कामासाठी गेला. 'समाधिमार्ग' या मराठी पुस्तकात त्यांनी हे सारे शास्त्र आपल्यासारख्यांसाठी सोपे करून सांगितले. आणि त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी, जे गणिती असून इतिहासकार झाले, त्यांनी लेणी आणि व्यापारी वाटा यांचे नाते उलगडून दाखविले. १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. बापाने रस्त्याकाठच्या विहाराचा दोष सांगणारा ग्रंथ संपादिला, आणि मुलाने विहार रस्त्याकाठीच का असतात हे सांगितले. तो मुलगा ज्या गाडीने जाई तिची शिट्टी आमच्या आजीच्या जपात मिसळत असे!

*

मग त्या अठरा खोल्यांतल्या माणसांना ध्यान साधले कसे? बुद्धघोषाच्या यादीतला शेवटचा दोष येथे उपयोगी पडतो. तो म्हणतो, जेथे कल्याणमित्र मिळत नाही तो विहार सोडावा. कल्याणमित्र म्हणजे ज्याच्यापाशी बसून साधना शिकावी, आणि अडले तर ज्याला मोकळेपणाने विचारावे, असा जाणता स्नेही. कोंडाण्याच्या चैत्याशेजारी एका भग्न मूर्तीवर ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. हे काम कण्हाचा अंतेवासी बलक याने केले, एवढेच त्यात सांगितले आहे. अंतेवासी म्हणजे गुरूच्या निकट राहणारा शिष्य. राजाचे नाव नाही, दानाची रक्कम नाही. मी अमक्याजवळ राहून शिकलो, एवढीच ओळख त्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वी पुरेशी वाटली. रस्त्याच्या दोषात सापडलेल्या कोंडाण्यावर या शेवटच्या कसोटीत मात्र ठपका ठेवता येत नाही.

बुद्धघोषाने मंत्रासारख्या पाठाचीही रीत सांगितली आहे. शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन करावयाचे असेल तर त्यांची नावे आधी मोठ्याने म्हणावीत. पाच-पाचांचे आणि शेवटी सहा-सहांचे गट करून, सुलट आणि उलट, शंभर वेळा, हजार वेळा, लाख वेळासुद्धा. वाणीने घट्ट झाले म्हणजे मग मनाने म्हणावे. आपल्या धर्मशास्त्रात जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार आहेत. उघड म्हटलेला तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्यास ऐकू येत नाही तो उपांशु, आणि केवळ मनातला तो मानस. मनुस्मृतीत यांचे मोल चढत्या पायरीने दहापट, शंभरपट, हजारपट असे सांगितले आहे. त्यामुळे आपण सगळे एकदम हजारपटीच्या पायरीवर चढू पाहतो आणि घसरतो. मन भरकटू लागले तर एक पायरी खाली यावे आणि ओठ हालवावेत; तरी न जमले तर खुशाल मोठ्याने म्हणावे. पायरी उतरण्यात कमीपणा नाही. जिना त्यासाठीच असतो.

*

बाहेरच्या गोंगाटाची ही कथा. आतल्या गोंगाटासाठी खालापूर तालुक्यात जाऊ.

खोपोलीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडे आत महड हे गाव आहे. दक्षिणेकडच्या महाडशी याची गल्लत करू नये. हे महड म्हणजे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे स्थान. मूर्ती १६९० साली तळ्यात सापडली आणि १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले असे सांगतात. गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचेही सांगतात. या स्थानाशी जोडलेले नाव आहे गृत्समद ऋषीचे. ऋग्वेदाचे दुसरे मंडल गृत्समदाच्या नावावर आहे. आपल्या घरोघरी पूजेच्या आरंभी गणपतीला उद्देशून जी वैदिक ऋचा म्हणतात ती त्याच मंडलातल्या तेविसाव्या सूक्तातली. मुळात ते सूक्त ब्रह्मणस्पतीचे. गणपतीकडे ते नंतर आले.

इतिहासातला गृत्समद एवढाच. गणेशपुराणातला गृत्समद मात्र आपल्या ओळखीचा वाटतो. त्याला भर सभेत त्याच्या जन्मावरून हिणवले गेले. तो घरी आला आणि संतापाच्या भरात आईला शाप देऊन बसला; आईनेही उलट शाप दिला. सगळे मोडून पडल्यावर तो रानात गेला आणि गणेशमंत्राचा जप करीत बसला. पुराणे त्याच्या तपाची वर्षे मोठी करून सांगतात. माझे लक्ष दुसरीकडे गेले. हा माणूस जपास बसला तेव्हा त्याच्या मनात काय होते? अपमान होता, राग होता, आणि आईला बोललेले शब्द परत घेता येत नाहीत ही जाणीव होती. शांत मन घेऊन तो जपास गेलाच नव्हता. अशांत होता म्हणून गेला. आणि ज्याला महड आपला म्हणतो, ज्याला वर मिळाला, तो हाच.

बौद्ध शास्त्राने ध्यानातले पाच अडथळे मानले आहेत: वासना, द्वेष, आळस-झोप, चंचलपणा आणि शंका. यातल्या चौथ्या अडथळ्याचे पाली नाव जोडनाव आहे, 'उद्धच्च-कुक्कुच्च'. पहिले म्हणजे मनाची भिरभिर, आणि दुसरे म्हणजे केले त्याचा व न केले त्याचा पस्तावा. ही दोन एकाच दावणीला बांधली आहेत हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. माझे मन भिरभिरत होते ते गाड्यांच्या आवाजाने नव्हे. त्या एका तासाभोवती ते घिरट्या घालीत होते.

पस्ताव्यावरचा जुना उपाय आसनावर बसून करावयाचा नाही. भिक्षुसंघात दर पंधरवड्यास उपोसथाच्या दिवशी नियमांचे पठण होई, आणि ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने त्याआधी सोबत्यापाशी बोलून मोकळे व्हावे अशी रीत होती. मी दिवाळीनंतर मुलीकडे गेलो तेव्हा तिला तो तास सांगितला. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "बाबा, आईनेच तुम्हाला जेवायला पाठवले होते. मी तिथे होते." मी हे विसरलो होतो. मनात येणारी प्रत्येक गोष्ट जपाच्या बळावर ढकलून देता येत नाही. काहींसाठी उठावे लागते, माणसाकडे जावे लागते आणि बोलावे लागते. दुःख आवरेनासे झाले, झोप-जेवण सुटले, तर वैद्याकडेही जावे. माळेला त्याचा राग येत नाही.

*

राहिले गुडघे. यांचा इतिहास घाटमाथ्यावर आहे.

पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात ओंकाराचा जप सांगितला आणि लगेच पुढे नऊ विघ्ने मोजली. त्या यादीत पहिला मान कोणाला? व्याधीला. संशय, आळस, भ्रम ही सारी तिच्या मागून. या विघ्नांच्या सोबत्यांतही 'अंगमेजयत्व', म्हणजे अंग थरथरणे, डळमळणे, आणि बिघडलेला श्वास यांची गणना आहे. शरीर कुरकुरते हे त्या सूत्रकाराला पक्के ठाऊक होते. म्हणूनच आसनाची व्याख्या करताना त्याने दोनच गुण मागितले, स्थैर्य आणि सुख. आणि ते साधण्याचा मार्ग म्हणून प्रयत्न सैल सोडण्यास सांगितले. दात-ओठ खाऊन बसण्याचा उल्लेख तेथे नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आसन फार उंच नको, फार सखल नको, खाली दर्भ, वर मृगाजिन, त्यावर वस्त्र, असा अगदी संसारी माणसासारखा तपशील आहे. आणि ज्ञानदेवांनी तो मराठीत आणताना जागेचे वर्णन आणखी प्रेमाने खुलविले आहे.

खालापूरचा घाट चढून वर गेले की लोणावळे. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. आसन आणि प्राणायाम यांच्या वेळी शरीरात काय घडते हे क्ष-किरण आणि दाब मोजण्याची उपकरणे लावून पाहण्याचा उद्योग त्यांनी केला. योगाच्या नावाने शरीराला गप्प बसविण्याऐवजी त्यालाच साक्षीस बोलावण्याची ही रीत होती.

या रीतीने पाहिले तर माझ्या मुंग्या अगदी साध्या निघाल्या. मांडी घालून फार वेळ बसले की पायातली नस दाबली जाते आणि पाय बधिर होतो. पाय मोकळा केला की काही मिनिटांत पूर्ववत होतो. बुडाखाली घडी घातलेले घोंगडे घेतले, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा उंच राहते आणि पाठ आपोआप सरळ होते. एवढ्यानेही न भागले तर खुर्चीवर बसून पाय जमिनीस टेकावेत. खाज, हलकी कळ, अवघडणे हे थोडा वेळ नुसते पाहिले तर पुष्कळदा ओसरते. पण बधिरता उठल्यावरही टिकली, किंवा सांध्यात सुरीसारखी कळ आली, तर ती साधनेची पायरी समजू नये. ते आसन बदलावे आणि वैद्यास दाखवावे. माझ्या वैद्यांनी गुडघे दाबून पाहिले आणि 'पाट सोडा, खुर्ची धरा' असे सांगितले. जन्मात प्रथमच मला खुर्ची मिळाली आणि तिचा मोह वाटला नाही!

*

बाहेरचा गोंगाट, आतला पस्तावा, अंगातली कळ. यांची व्यवस्था लावली तरी एक गोष्ट उरतेच. सारे ठीक असतानाही मन जाते. तिसऱ्या मण्यावर जाते, सातव्यावर जाते, आणि गेले हे कळते ते विसाव्यावर. त्याचे काय?

येथे पुन्हा बुद्धघोषाकडे जातो, कारण त्याने दिलेला दाखला आमच्या भाताच्या मुलखाला फार जवळचा आहे. श्वास मोजावयास शिकणाऱ्याला तो म्हणतो, धान्य मापणाऱ्यासारखे मोज. मापारी माप भरतो, 'एक' म्हणतो आणि ओततो. पुन्हा भरताना काडी-कचरा दिसला तर तो वेचून फेकतो, पण तोंडाने 'एक, एक' चालूच असते. पाचांच्या आत थांबू नये, दहांच्या पुढे जाऊ नये, आणि असे सावकाश मोजीत राहावे.

कर्जतकडे हळवी भाते दिवाळीच्या सुमारास कापणीस येतात. खळ्यावर पायलीने भात मापताना मी लहानपणी कितीदा तरी पाहिले आहे. आपल्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मापारी 'लाभ, लाभ' म्हणत ओती आणि त्याच हाताने पेंढ्याची काडी उचलून बाजूस टाकी. काडी निघाली म्हणून तो भातावर रागावला नाही, आणि काडी आली कोठून याचा शोध घेत बसला नाही. मुख्य म्हणजे काडी दिसली म्हणून माप चुकले असे त्याने कधी मानले नाही. काडी दिसणे हे मापण्याच्या कामातच धरलेले होते. नुसते ओतणाऱ्याला ती दिसलीच नसती.

मन गेले हे ज्या क्षणी कळते, त्या क्षणी ते परतलेले असते. आपण मात्र तोच क्षण हरल्याचा मानतो, स्वतःला दोष देतो, आणि त्या दोषाच्या मागे आणखी दहा मणी घालवितो. गीतेतही अर्जुनाने मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण अशी तक्रार केली तेव्हा श्रीकृष्णाने ती नाकारली नाही. कठीण आहे हे मान्य केले आणि अभ्यास व वैराग्य सांगितले. त्याआधीच त्याने सांगून ठेवले होते की चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून त्याला परत आणावे. 'जेथे जेथे' या शब्दांतच ते पुन्हा पुन्हा जाणार हे गृहीत आहे. अलीकडच्या काळात, १९७५ साली, हार्वर्डमधले डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी अशाच एका शब्दाच्या आवर्तनावर पुस्तक लिहिले. त्यांचाही सल्ला हाच: विचार आले तर त्यांच्याशी भांडू नका, असू द्या म्हणा आणि शब्दाकडे परत या. ज्या विद्यापीठात धर्मानंद बुद्धघोषाची पाने लावीत बसले होते, तेथेच ही गोष्ट अर्ध्या शतकाने वैद्यकाच्या भाषेत पुन्हा सांगितली गेली.

*

कोंडाण्याच्या वाटेवरचे तांडे थांबले, पण खोऱ्यातला रस्ता कधी थांबला नाही. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८६३ साली बोरघाटातली चढण खुली झाली आणि डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून गाड्या देशावर जाऊ लागल्या. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. यंदा पाऊस ओसरल्यावर मी नातवाबरोबर कोंडाण्यास गेलो. विहारातल्या एका खोलीच्या उंबऱ्याशी टेकलो आणि सवयीने खिशातली माळ काढली. डास होते, खाली ओढ्याला पाणी होते, चार तरुण मोठमोठ्याने हसत छायाचित्रे काढीत होते, आणि दरीपलीकडच्या घाटातून आगगाडी वर चढत असल्याचा आवाज येत होता. ज्या भिक्षूने येथे राहून डोळे मिटले असतील त्यालाही काही वेगळे ऐकू येत नसेल. त्याच्या वेळी बैल होते, एवढेच.

अर्धी माळ झाली असेल, तोच नातवाने हाक मारली, "आजोबा, पाण्याची बाटली कुठे आहे?" माझा अंगठा मण्यावर थांबला. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे असे त्याला सांगितले. तो पाणी प्याला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही मध्येच बोललात. आता पहिल्यापासून करायचं का?"

मी त्याला हात पुढे करून मणी दाखविला, आणि त्याच्यापुढचा ओढला.